दवाखान्याच्या दारातली टोपली

माझ्या सासूची टोपली बुडाला वाकडी होती. बुरुडाच्या हातूनच ती एका अंगाला कलली होती, की सासूच्या लग्नात कुणा जाडजूड पाहुणीने तिच्यावर बसकण मारली होती, याबद्दल घरात दोन मतं होती. नवी घे म्हटलं की सासू म्हणायची, "तुज्या नवऱ्याचं नाक बी वाकडं हाय. त्यालाबी बदलू काय?" मग मी गप्प बसायचे, कारण नवऱ्याचं नाक खरंच वाकडं होतं. याच टोपलीने पुढे एका अख्ख्या गावाला रविवारी वरणभातावर बसवलं, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

आमचा कोळीवाडा खाडीच्या एका काठाला आणि बाजाराचं गाव दुसऱ्या काठाला. होड्यांची शिडं लांबवर दिसायला लागली की आमच्या बायका आपापली टोपली किनाऱ्यावर नेऊन ओळीत ठेवायच्या आणि परत घरी यायच्या. चुलीवर भात असायचा, पाळण्यात पोर असायचं. तिथे उन्हात बसून राहायला वेळ कुणाला होता? टोपली आपली जागा धरून असायची. होडी लागली की पहिली टोपली जिची, तिने पहिला वाटा निवडायचा, मग दुसरीने. दुसरीच्या टोपलीला हात लावायचा नाही, तिला ओलांडायचंसुद्धा नाही. आमच्यात भांडणं रोज व्हायची, अगदी केस ओढण्यापर्यंत जायची, पण टोपली सरकवल्यावरून झालेलं भांडण मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

आणखी एक रीत होती. कुणाच्या टोपलीचा अपमान झाला, कुणी ती लाथाडली, फेकली, तर ती बाई आपली टोपली पालथी घालून तिच्याशेजारी बसायची. तिला बघून शेजारणीनेही आपली पालथी घालायची. टोपली पालथी असेपर्यंत म्हावरं, म्हणजे मासळी, घ्यायची नाही आणि विकायचीही नाही. सासूच्या तरुणपणी असं एकदा झालं होतं म्हणे. मी लग्न होऊन आल्यापासून तशी वेळ आली नव्हती.

सासू म्हणजे आमच्या किनाऱ्यावरची सगळ्यात कडक गिऱ्हाईक. होडीवाले तिला टरकून असायचे. मासा ताजा की शिळा हे ती माशाच्या डोळ्यात बघून सांगायची, तेही चार पावलांवरून. पण माझ्या लग्नानंतर दोनेक वर्षांत तिला दिसेनासं व्हायला लागलं. आधी ती मासा नाकाजवळ न्यायला लागली, मग गालफडं उचलून अंगठ्याने चाचपायला लागली. होडीवाल्यांच्या ते लक्षात आलं. एके दिवशी तिने घेतलेला बोंबलांचा वाटा निम्मा मऊ पडलेला निघाला आणि बाजारातून गिऱ्हाइकं परत आली. त्या संध्याकाळी ती घरी येऊन भिंतीला टेकून बसली. "माशाचे डोळे बघता बघता माजेच शिळे झाले," असं म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. किनाऱ्यावर जी फसते तिची रांगेतली जागा हळूहळू मागे जाते, आणि मागच्या जागेवर माझी सासू मला कल्पनेतसुद्धा बघवत नव्हती.

बाजाराच्या गावात एका शेटने आईच्या नावाने दवाखाना बांधला होता. तिथे महिन्यातून एकदा मुंबईहून डोळ्यांचा डॉक्टर लाँचने यायचा. एका रविवारी तपासणी, सोमवारी सकाळी ऑपरेशनं, दुपारच्या लाँचने परत. एरवीच्या डॉक्टरने सासूचे डोळे बघून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, मोतीबिंदू पुरता पिकलाय. पावसाळ्याच्या आत काढला तर नजर येईल. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत डॉक्टर नाही, आणि तोवर थांबलं तर डोळा कायमचा जाईल. हे मी सासूला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग जाऊ की. त्यात कुजबुज कनाला?"

जाणं सोपं होतं, नंबर मिळणं सोपं नव्हतं.

स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि दवाखान्यात नंबराची पद्धत नवीनच सुरू झाली होती. त्याआधी सगळं ओळखीवर चालायचं. आता सकाळी गेट उघडलं की कंपाऊंडर खिळ्याला अडकवलेले पितळेचे बिल्ले एकेक करून वाटायचा. प्रत्येकावर आकडा ठोकलेला. जेवढे बिल्ले तेवढेच पेशंट. कंपाऊंडरला या पद्धतीचा इतका अभिमान, जणू त्यानेच ती घरी बसून घडवली होती. "आता वकील असो नाहीतर हमाल असो, जो आधी येईल त्याचा नंबर आधी," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ऐकायला मलाही ते फार आवडलं होतं.

पहिल्या खेपेला आम्ही पहाटेच खाडीवर गेलो, तर ओहोटी. होडी चिखलात रुतून बसलेली. पाणी चढेपर्यंत थांबलो आणि पलीकडे पोचलो तेव्हा खिळे रिकामे होते. कंपाऊंडर म्हणाला, "उशीर केलात." मी म्हटलं, "उशीर आम्ही न्हाय, खाडीने केला." तो म्हणाला, "मग खाडीला सांगा." माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मी पुढे झाले तशी सासूने माझा दंड धरला.

दुसऱ्या खेपेला आम्ही आदल्या दिवशीच खाडी ओलांडली. सासूची एक मैत्रीण त्या बाजारात मासळी विकायची, तिच्याकडे मुक्काम केला आणि अंधार असतानाच गेटावर गेलो. बघतो तर आमच्याआधी रांग लागलेली. सगळे धडधाकट बाप्ये, उकिडवे बसून विड्या ओढत होते. हे काय रोगी, मला कळेना. ते गावातल्या वकिलांचे, व्यापाऱ्यांचे गडी होते. गेट उघडलं, गड्यांनी बिल्ले घेतले, आणि ऊन चढल्यावर त्यांचे मालक आंघोळी करून, कपाळाला गंध लावून सावकाश आले आणि आत गेले. आमच्या वाट्याला बिल्ला राहिला नाही. मी कंपाऊंडरला विचारलं, आम्ही त्या मालकांच्या आधी आलो की नाही? तो म्हणाला, "त्यांचा माणूस हजर होता."

परतीच्या होडीत मी त्याला शिव्या घालत होते. सासू मात्र खुशीत होती. मी विचारलं, "आये, हसतेस काय?"

"त्यांचंबी आपल्यासारखंच हाय की," ती म्हणाली. "सोता बसून ऱ्हायाला नको. आपलं कायतरी तिथं असलं की झालं. त्यांचा गडी, आपली टोपली."

मी मान डोलावली. आम्हा दोघींनाही त्यात काहीच चूक दिसली नाही. आमच्या डोक्यात रांग म्हणजे टोपल्यांचीच असायची. टोपली ठेवली की जागा आपली, मग तो किनारा असो नाहीतर शेटचा दवाखाना.

पावसाळ्याआधीची डॉक्टरची ती शेवटची फेरी. शनिवारी संध्याकाळी आमच्या होड्या समुद्रावरून परत यायच्या होत्या, मोसमातलं शेवटचं मोठं म्हावरं, आणि सासू किनारा सोडायला तयार नव्हती. तिने रिकामी वाकडी टोपली पाण्याने खळखळून धुतली आणि संध्याकाळच्या होडीने मैत्रिणीकडे पाठवली. दवाखान्याच्या गेटाजवळ, खांबाला लागून, सगळ्यांच्या आधी ठेव असा निरोप दिला. मैत्रिणीने ती ठेवली. तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी भरती ऊन वर आल्यावर होती. आम्ही निवांत निघालो. सासूने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली माळली होती, आणि होडीत ती भेटेल त्याला सांगत होती, "आज माजा पयला नंबर हाय." गेटाच्या जवळ आलो तशी तिने मला विचारलं, "टोपली हाय ना गं जागेवर?"

तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. खांबाजवळ काही नव्हतं. टोपली रस्त्याकडेच्या गटारात उताणी पडली होती आणि तिच्या वाकड्या बुडात काळं पाणी साचलं होतं. क्षणभर मला खोटं बोलावंसं वाटलं.

"आये, गटारात हाय," मी म्हटलं.

तिला ते खरं वाटलं नाही. "मना ने तिथं," म्हणाली. मी टोपली बाहेर काढून तिच्या हातात दिली. तिने काठावरून बोटं फिरवली, बोटांना लागलेला चिखल नाकाशी नेला. दरवान गेटातून म्हणाला, "ती व्हय? मला वाटलं कुणी कचऱ्याची टोपली टाकलीय." सासूने टोपली आणखी घट्ट धरली. नंबर गेल्याचं तिला तेव्हा काही वाटलंच नसावं. आपली टोपली कुणीतरी उचलून फेकली, हेच तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

कंपाऊंडर पायरीवर उभा होता. तिने त्याला सरळ विचारलं, माझी टोपली सगळ्यांच्या आधी इथे होती, माझा बिल्ला कुठे आहे?

तो हसला. "बाई, नंबर माणसाला असतो. टोपलीला नसतो."

सासूने शेजारी विडी ओढत असलेल्या गड्याकडे, म्हणजे त्या विडीच्या वासाकडे, हात केला. "मंग ह्याला काय झालंय? ह्याचे डोळे तर चांगले दिसतात."

"तो मालकासाठी आलाय."

"माजी टोपली बी मालकिणीसाठीच आलेली."

रांगेतले दोघेतिघे हसले. तो गडीही हसला. कंपाऊंडरचं तोंड मात्र आंबट झालं. "बिल्ले संपले," तो म्हणाला. "आता पावसानंतर या." पावसानंतर, म्हणजे डोळा गेल्यानंतर. मी त्याला असं काही बोलले की ते इथे लिहिता येणार नाही. सासू तोवर वळली होती. "चल," ती म्हणाली, "बाजारात चल."

मला वाटलं, मैत्रिणीकडे जाऊन रडायचं असेल. रडण्यासाठी म्हणून मी तयारच होते. पण ती मासळीबाजारात शिरली, मैत्रिणीच्या बसायच्या जागेपाशी गेली, चिखलाने भरलेली टोपली जमिनीवर पालथी घातली आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माजी टोपली दवाखान्याच्या दारात जागेवर ठेवलेली. ती गटारात टाकली."

एवढंच. आरडाओरडा नाही, छाती पिटणं नाही. मैत्रिणीने त्या चिखलाकडे बघितलं. समोर गिऱ्हाईक पापलेटाचा भाव करत उभं होतं, त्याच्या हातातलं पापलेट तिने काढून घेतलं, आपलं सगळं म्हावरं ओल्या गोणपाटाखाली झाकलं आणि टोपली पालथी घातली. तिच्या शेजारणीने घातली. मग पलीकडच्या ओळीतल्यांनी. कुणी कुणाला काही विचारलं नाही. आमच्या काठाच्या, त्या काठाच्या, रेवदंड्याहून आलेल्या, सगळ्या बायका. थोड्या वेळात त्या बाजारात एक टोपली सुलटी राहिली नाही. इतक्या भांडकुदळ बायका एवढ्या चिडीचूप बसलेल्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या.

रविवार होता, आणि ते गाव पक्कं मासळीखाऊ. शेट एकटा शाकाहारी, त्याला काही फरक पडणार नव्हता. पण वकील, मामलेदार कचेरीतले कारकून, शाळामास्तर, सगळ्यांच्या घरी वाटण तयार होऊन बसलं होतं. थोड्या वेळाने पिशव्या घेऊन गडी आले. तेच, सकाळचे बिल्लेवाले. "टोपली पालथी हाय," बायका म्हणाल्या. गडी म्हणाले, आमचा काय दोष? "दोष न्हाय. म्हावरंबी न्हाय." ते परत गेले, शिव्या खाऊन पुन्हा आले, पुन्हा गेले. मग एक वकील स्वतः आले, धोतर सावरत. त्यांनी कायद्याचं काहीतरी सांगितलं. मैत्रिणीने त्यांचं सगळं आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सायेब, कायद्यात पापलेट हाय काय?"

आणि मग कंपाऊंडर आला. हातात दोन पिशव्या. एक डॉक्टरच्या दुपारच्या जेवणासाठी आणि एक सुरमईसाठी, जी डॉक्टर दर खेपेला ओल्या गोणपाटात गुंडाळून मुंबईला न्यायचा. डॉक्टरच्या जेवणाची जबाबदारी याच्यावर होती, आणि सकाळपासून तपासून तपासून डॉक्टरला भूक लागली होती. कंपाऊंडरने बाजारावरून नजर फिरवली. पालथ्या टोपल्या बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सासूजवळ येऊन तो वाकला आणि खिशातून हळूच एक बिल्ला काढला. सकाळी संपलेले बिल्ले दुपारी खिशात कसे उगवले, देव जाणे.

"घ्या बाई," तो पुटपुटला. "चला, तुम्हाला तपासायला सांगतो. हे आटपा आता."

मी सासूचा हात धरला. "आये, घे. बेगीन घे. डोळा जाईल."

तिने बिल्ला हातात घेऊन चाचपला, त्यावरचा आकडा बोटाने बघितला आणि त्याला परत दिला. "आन पुढल्या खेपेला दुसरीची टोपली गटारात गेली मंजे?" ती म्हणाली. "तवा मी हितं बसायला यीन काय?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला. कंपाऊंडरपेक्षाही जास्त. एका वाकड्या टोपलीपायी ही बाई आंधळी व्हायला तयार होती. मी तिच्या कानाशी लागून तसं म्हटलंही. ती म्हणाली, "डोळा माजा हाय. टोपली सगल्यांची हाय." ऊन तापत होतं, गोणपाटं सुकायला लागली होती, बायका त्यांवर पाणी शिंपडत होत्या. मासे खराब झाले असते तर त्यांचंच नुकसान होतं, पण एकीनेही सासूकडे तक्रारीच्या नजरेने बघितलं नाही. एक म्हणाली, विकलं नाही गेलं तर सुकवू, ऊन आहेच.

शेवटी डॉक्टर स्वतः आला. किडकिडीत माणूस, डोक्यावर काळी छत्री, चेहऱ्यावर भुकेचा वैताग. मागे कंपाऊंडर, त्याच्या मागे दरवान. डॉक्टर टोपल्यांच्या मधून वाट काढत आला, आणि मी बघितलं, त्याने एकही टोपली ओलांडली नाही, वळसा घालून आला. त्याला रीत माहीत होती असं नाही. असेल सवय.

"काय झालंय?" त्याने विचारलं.

सासूने सांगितलं. ओहोटीची खेप, गड्यांची खेप आणि ही खेप. लांबण लावली नाही. डॉक्टर कंपाऊंडरकडे वळला. "खाडीपलीकडचे लोक सकाळी गेट उघडताना पोचू शकतात का?" कंपाऊंडर म्हणाला, भरतीवर आहे. डॉक्टर म्हणाला, "म्हणजे नाही." मग त्याने सासूला विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवंय?"

"ज्यानं टाकली त्यानं ती धुवावी," सासू म्हणाली. "आन होती तिथं ठेवावी. आन होडी लागंपातूर आमच्या टोपलीला कुनी हात लावायचा न्हाय."

"आणि टोपली ठेवली, होडी लागली, पण बाई आलीच नाही तर?"

"तर तिची जागा गेली. पुढलीचा नंबर. आमच्याकडंबी तसंच हाय."

डॉक्टरने छत्री मिटून तिच्या टोकाने जमिनीवर दोन रेघा ओढल्या. "चालेल," तो म्हणाला. "टोपली चालेल."

त्यानंतरची मिरवणूक मी अजून विसरले नाही. पुढे डॉक्टर, मागे माझ्या हाताला धरून सासू, तिच्यामागे टोपली घेतलेला दरवान आणि त्याच्यामागे बाजारातल्या निम्म्या बायका. निम्म्या माशांवर पाणी मारायला मागे थांबल्या होत्या. दरवान दवाखान्याच्या विहिरीवर टोपली धुवायला बसला तेव्हा भोवती कडं करून उभ्या राहिलेल्या बायका त्याला सूचना करत होत्या. बुडाला घास. कडेला नारळाची शेंडी लाव. घरी बायकोला भांडी घासून देतोस की नाही? बिचारा घामाघूम झाला. पण धुतली त्याने, स्वच्छ धुतली, आणि दोन्ही हातांनी नेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली. सासूने वाकून टोपली चाचपली, काठ, बूड, सगळं. मग म्हणाली, "जा गं, टोपल्या सुलट्या करा. डॉक्टर उपाशी हाय."

डॉक्टरला पापलेट मिळालं, जरा उशिरा. त्याआधी त्याने सासूला तपासलं आणि सोमवारी सकाळी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं.

ऑपरेशनपेक्षा त्यानंतरचं पडून राहणं तिला जड गेलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी, आणि बोलायचं नाही, हसायचं नाही. तिला बोलू न देणं म्हणजे मोठीच शिक्षा होती. मी खाटेशी बसून गावातल्या कुचाळक्या सांगायचे आणि तिला हसू आलं की ती माझ्या हाताला चिमटा काढून मला गप्प करायची. पट्टी निघाली तेव्हा उजेड आला, रंग आले, पण सगळं पाण्याखाली असल्यासारखं. जाड भिंगाचा चष्मा लागेल, तो डॉक्टर पावसाळ्यानंतर देईल, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

तो पावसाळा फार लांबला असं मला वाटलं, पण पावसाळे सगळे सारखेच असतात. सासू दारात बसायची. मी समोरून गेले की म्हणायची, "आज हिरवं नेसलीस व्हय?" कधी बरोबर असायचं, कधी मी निळं नेसलेली असायचे आणि तरी हो म्हणायचे. ती एकदा माझा हात धरून म्हणाली, "माशाचा डोला दिसंल काय गं मना?" आजवर मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती. दिसेल, असं मी ठासून सांगितलं, आणि मागच्या दाराला जाऊन देवाला म्हटलं, माझा शब्द पडू देऊ नकोस.

नारळी पौर्णिमा झाली, लाँच सुरू झाली, डॉक्टर आला. टोपली आम्ही आदल्या संध्याकाळीच पाठवली होती. सकाळी भरतीच्या होडीने पलीकडे गेलो आणि दवाखान्याच्या पायऱ्या बघून मी थांबलेच. वरपासून खालपर्यंत रांग लागली होती, माणसांची कमी आणि वस्तूंची जास्त. सगळ्यात वरच्या पायरीवर सासूची आणि खाली आमच्या कोळणींच्या टोपल्या होत्याच, पण आतल्या गावांतून आलेल्या भातवाल्यांनी पावसात डोक्यावर घ्यायची आपली इरली ठेवली होती, कुणी काठी, कुणी दगडाखाली दाबलेला पंचा, आणि एका वकिलाच्या गड्याने मालकाची छत्री ठेवून स्वतः झाडाखाली ताणून दिली होती. दरवान त्या रांगेवर डोळ्यांत तेल घालून पहारा करत होता. एक कुत्रं एका टोपलीत तोंड घालायला आलं, त्याच्यामागे तो फाटकापर्यंत धावला. आम्हाला बघून म्हणाला, "मावशी, यायला उशीर झाला. पण होडी लागायची होती ना?"

आत डॉक्टरने सासूच्या नाकावर एक लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यात एकेक भिंग घालून बघायला लागला. हे बरं की ते बरं, असं विचारायचा. सासू म्हणायची, दोन्ही वाईट. त्याने आणखी एक जाड भिंग घातलं. सासूची मान वर झाली. डॉक्टरने तिच्यासमोर हात धरला. "बोटं किती दिसतात, बाई?"

ती त्याच्या हाताकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून, उघड्या दारातून, बाहेर बघत होती.

"बोटं ऱ्हाऊ दे, सायेब," ती म्हणाली. "ती वाकड्या बुडाची टोपली माजी. ती दुसऱ्या पायरीवर कशी गेली?"

डॉक्टरने वळून पाहिलं. मी पाहिलं. टोपली खरोखरच एक पायरी खाली होती. कुत्र्याच्या धावपळीत दरवानाचाच पाय लागला असणार. तो बाहेरून "सरकली मावशी, सरकली," म्हणत धावला आणि त्याने ती दोन्ही हातांनी उचलून वर ठेवली. डॉक्टर एवढा हसला की त्याला भिंगांची पेटी खाली ठेवावी लागली.

मला मात्र रडू कोसळलं. भिंतीला धरून, डॉक्टरसमोर, सगळ्यांसमोर मी लहान पोरीसारखी रडले. सासू माझ्याकडे वळली. त्या जाड भिंगांमागे तिचे डोळे केवढे तरी मोठे दिसत होते. लग्न होऊन मी त्या घरात आल्यानंतर दोनेक वर्षांतच तिची नजर जायला लागली होती, त्यामुळे कित्येक वर्षांत तिने मला धड पाहिलंच नव्हतं. ती मला पायांपासून डोक्यापर्यंत बघत राहिली.

"पदर सावर," ती म्हणाली. "आन निळं नेसलीस तर निळं म्हनत जा."